मुक्तेश्वरच्या वाटेवर

वैशाखात सोलापूर जिल्ह्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर ठाण मांडून बसतो, माण आणि सीना या नद्यांच्या पात्रांत पाण्याऐवजी वाळूच दृष्टीस पडते, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात विक्रीस आणलेल्या खिलार बैलांच्या पाठीवरून मालक मधूनमधून ओला हात फिरवीत उभे असतात, आणि नेमक्या याच दिवसांत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तैनात असलेल्या पशुधन विकास अधिकाऱ्याच्या कामाला आरंभ किंवा अंत असा काही राहत नाही. म्हशीची कातडी काळी, अंगावरचे केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने थोड्या. त्यामुळे डुंबायला पाणी मिळाले नाही म्हणजे उष्म्याचा ताप तिला गाईहून कितीतरी अधिक होतो. तिचे चाऱ्यावरचे लक्ष उडते, दूध आटते, आणि ती माजावर आली तरी त्याची बाह्य लक्षणे दिसत नाहीत. गोठ्यातली माणसे ज्याला मुका माज म्हणतात तो ऐन उन्हाळ्यात फार आढळतो. पंढरपुरी म्हैस ही या मुलखाची खास संपत्ती. खांद्यामागे दूरवर गेलेली लांब शिंगे, बेताचा बांधा आणि निकृष्ट वैरणीवरही वेळेवर गाभण राहण्याचा गुण यांसाठी ती प्रसिद्ध आहे. तथापि मे महिना तिलाही जड जातो.

अवर्षणाच्या सालात डॉक्टरच्या या कामाला चारा छावण्यांची जोड मिळते. एकाच माळावर शेकडो जनावरे दावणीला बांधली गेली म्हणजे एका जनावराचा रोग सर्व छावणीचा होण्यास विलंब लागत नाही. शिवाय घटसर्प, फऱ्या आणि मेंढ्यांचा आंत्रविषार या रोगांच्या लसी पहिला पाऊस पडण्यापूर्वी गावोगाव टोचून व्हाव्या लागतात, कारण ओल्या हवेत हे रोग उसळतात आणि घटसर्प झालेले जनावर पुष्कळदा डॉक्टर पोहोचण्यापूर्वीच दगावते. स्वतःच्या दवाखान्याखेरीज शेजारच्या रिक्त दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार, अडलेल्या गाईसाठी मध्यरात्री येणारे बोलावणे, विम्याचे दाखले, शवविच्छेदनाचे अहवाल, आणि एप्रिल-मे हाच शासकीय बदल्यांचा हंगाम असल्यामुळे मुलांच्या शाळेची चिंता, असा हा उन्हाळा असतो.

अशा माणसाच्या आयुष्यात दोन गोष्टी वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या जातात: एक अध्ययन आणि दुसरी विश्रांती. अध्ययनासाठी नागपूर, मुंबई किंवा शिरवळ येथे जावे तर रजा संपते, आणि त्या रजेतून मुलाबाळांना काहीच लाभत नाही. विश्रांतीसाठी महाबळेश्वरला जावे तर तेथे घालविलेले दिवस आपल्या विद्येच्या दृष्टीने वाया गेले अशी रुखरुख लागते. निष्ठावंत पशुवैद्याला ही रुखरुख लागतेच, आणि ती लागावी हे त्याला भूषणावह आहे. या दोन निकडींची सांगड घालून उन्हाळ्यातील आठ-दहा दिवस थंड हवेच्या ठिकाणी कुटुंबासह राहावे, सकाळी विद्या घ्यावी आणि दुपारनंतर डोंगर पाहावेत, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेने प्रत्येक व्यवसायी पशुवैद्यावर दर साल किमान ३५ तासांच्या अध्ययनाचे बंधन घातले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दर दोन वर्षांच्या परवान्यामागे ३६ तास भरावे लागतात. तास भरावयाचेच आहेत तर ते पर्वतराजीच्या सान्निध्यात का भरू नयेत, या विचाराने तेथील संघटना उन्हाळी परिषदा डोंगराळ गावी भरवितात. आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने व्यवसायाची नोंदणी आवश्यक केली, तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि निरंतर शिक्षणाचे वर्ग विद्यापीठे व परिषदा यांच्यामार्फत भरतात. पण हे वर्ग म्हणजे सभागृह, पंखे आणि व्याख्याने. त्यांत ज्ञान मिळते, उसंत मिळत नाही.

एकदा पदवी घेतली, आता पुन्हा शिकायचे ते काय, असे सामान्य वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला डायक्लोफिनॅकची हकिगत सांगणे पुरेसे होईल. वेदना आणि सूज यांवरचे हे स्वस्त, गुणकारी औषध गेल्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक पशुवैद्याच्या पेटीत असे. लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या म्हशीला ते टोचले म्हणजे जनावर लवकर उठे आणि शेतकरी दुवा देई. त्यात अधर्म असा कोणताच नव्हता. पण त्याच सुमारास भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होत चालली होती, आणि पांढऱ्या पाठीच्या जातीची तर शंभरातील नव्व्याण्णवांहून अधिक गिधाडे नष्ट झाली. पाकिस्तानात केलेल्या संशोधनाने २००४ साली उलगडा झाला की औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले असता ते औषध गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निरुपद्रवी औषध पुढे आले. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही हीच बंदी आली. ज्याने १९९५ साली पदवी घेतली आणि त्यानंतर एकही ग्रंथ उघडला नाही, तो मनुष्य कितीही सज्जन असला तरी मंगळवेढ्याच्या माळावरच्या एका बैलाला सुई टोचून सह्याद्रीच्या कड्यावरचे घरटे ओसाड करू शकत होता. वैद्यकाच्या धंद्यात जुने ज्ञान नुसते अपुरे ठरून थांबत नाही; काही वेळा त्याने प्रत्यक्ष अपाय होतो. यास्तव निरंतर शिक्षण ही हौशीची बाब मानता येत नाही.

रोगांचेही तसेच. एके काळी ज्या बुळकांडीच्या नावाने गावेच्या गावे हादरत असत तो रोग पृथ्वीवरून गेला, आणि ज्याचे नाव आपल्या शेतकऱ्याने ऐकले नव्हते तो लम्पी चर्मरोग २०१९ मध्ये ओडिशात दाखल होऊन २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला. अंगभर गाठी आलेल्या खिलार गाई पाहून शेतकऱ्यांची जी अवस्था झाली ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. त्या वर्षी गोवंशाला सरसकट जी लस टोचण्यात आली ती मुळात शेळ्यांच्या देवीवरची होती, आणि तिच्यातील विषाणूचा वाण उत्तरकाशीचा होता. शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर या बुळकांडीच्या भाऊबंद रोगावरची जी लस आज आपल्या धनगरांच्या कळपांना दिली जाते तिचा वाण सुंगरी हा. सुंगरी हे हिमाचल प्रदेशातील डोंगराळ गाव. हे दोन्ही वाण ज्या ठिकाणी सौम्य करून लसीच्या योग्यतेला आणले गेले ते ठिकाण म्हणजे कुमाऊँच्या पर्वतातील मुक्तेश्वर. सोलापूरच्या मेंढीच्या अंगात हिमालयातील विद्या गेली आहे, पण ती टोचणाऱ्या हातांपैकी फारच थोड्यांनी ते स्थान पाहिले असेल.

त्या स्थानाचा आपल्या मुलखाशी असलेला संबंध याहून जुना आहे, आणि तो येथे विस्ताराने सांगणे अवश्य वाटते.

एकोणिसाव्या शतकात बुळकांडीने हिंदुस्थानातील गुरांचा इतका संहार चालविला होता की सरकारने १८६९ साली हॅलन या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये सादर झाला. खुद्द मुंबई इलाख्यात परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले; पण रोगाचे कारण शोधणारी प्रयोगशाळा देशात नव्हती. ती १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात स्थापन झाली आणि तिला इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे नाव मिळाले. आज जी संस्था भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थान म्हणून इज्जतनगर येथे प्रसिद्ध आहे तिचा जन्म मुठेच्या काठचा आहे, ही गोष्ट पुण्यातल्या लोकांनाही फारशी माहीत नसते.

प्रयोगशाळा पुण्यात राहिली नाही, याला दोन सबळ कारणे होती. एक तर तिथले काम म्हणजे अत्यंत सांसर्गिक रोगाचे बीज जिवंत ठेवून जनावरांवर त्याचे प्रयोग करणे. भरवस्तीत, जेथून चारी दिशांना बैलगाड्यांची वर्दळ चाले अशा शहरात, हे बीज चुकून बाहेर पडले असते तर दख्खनच्या गुरांवर तो आणखी एक घाला ठरला असता. दुसरे कारण हवेचे. त्या काळी शीतगृहे दुर्मिळ होती. उष्ण हवेत सूक्ष्म जंतूंची शुद्ध पैदास राखणे आणि रक्तापासून तयार केलेले सीरम नासू न देता टिकविणे फार कठीण जाई. सबब पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या कारकीर्दीत १८९३ साली संपूर्ण प्रयोगशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवरच्या मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तेथे अरण्य होते, शिवाचे प्राचीन देवालय होते, समोर हिमशिखरांची रांग होती, आणि मुख्य म्हणजे भोवताली दाट वस्ती नव्हती.

त्या डोंगरमाथ्यावर जे कार्य झाले त्याला पशुवैद्यकाच्या इतिहासात थोर स्थान आहे. जगद्विख्यात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे बुळकांडीचा अभ्यास करून १८९७ साली प्लेगच्या साथीनिमित्त मुंबईस आले, आणि त्याच वर्षी फायफर व गाफ्की या सहकाऱ्यांसह त्यांनी मुक्तेश्वरला भेट दिली. पुढे बुळकांडीचे सीरम तेथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊन देशभर जाऊ लागले. सीरमाने मिळणारे संरक्षण मात्र अल्पकाळचे असते. कायमच्या उपायाचा शोध १९२० च्या दशकात तेथील संशोधक एडवर्ड्स यांच्या हातून लागला. बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, दुसरीतून तिसरीत असा शेकडो वेळा नेता नेता त्याची गुरांना मारण्याची शक्ती क्षीण झाली आणि प्रतिकारशक्ती उत्पन्न करण्याचा गुण तेवढा शिल्लक राहिला. अशा एकेका संक्रमणामागे शेळीला ताप येण्याची वाट पाहणे, ठराविक वेळी तिच्या प्लीहेचा अंश घेणे, पुढच्या शेळीस तो टोचणे आणि त्याची टिपणे राखणे, हे महिनोन्महिने अखंड चालवावे लागले. एकांत आणि शीतल हवा यांचे मोल अशा कामात कळते. १९५४ मध्ये स्वतंत्र भारताने बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली ती प्रथम याच लसीच्या बळावर. १९९५ नंतर देशात या रोगाचा उद्भव झाला नाही, २००६ मध्ये भारत संसर्गमुक्त ठरला, आणि २०११ साली सर्व जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मानवाने समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग होय. इतक्या मोठ्या विजयाची आठवण आपल्या शालेय पुस्तकांत जवळजवळ नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मुक्तेश्वर हे एकटे उदाहरण नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर उपचार करणारी भारतातील पहिली पाश्चर संस्था १९०० साली कसौलीच्या डोंगरावर निघाली आणि दक्षिणेसाठी तशीच संस्था १९०७ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे. पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने ज्यांनी बालपणी घेतली किंवा नुसत्या धाकाने ऐकली त्यांना ठाऊक नसेल की ती सेंपल नावाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये कसौलीलाच सिद्ध केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली लस होती. राज्यकर्त्यांची नजर डोंगरांकडे वळली ती मुळात उन्हाच्या त्रासाने. सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाईजवळचे खंडाळा गाव देऊन महाबळेश्वर घेतले आणि पुढे मुंबई सरकारची कचेरी दर उन्हाळ्यात दप्तरांसह वर जाऊ लागली. त्या शिरस्त्यात रयतेच्या हिताचा विचार किती होता याविषयी मतभेद होतील. पण विद्येने डोंगर चढले ते निकडीने, आणि त्यांतून रयतेच्या गोठ्यापर्यंत काहीतरी पोहोचले, हे मान्य करावेच लागेल.

हा वारसा ध्यानात घेता सोलापूरच्या पशुवैद्याने उन्हाळ्यात डोंगरावर जाऊन शिकणे यात परक्यांचे अनुकरण मुळीच नाही. त्याच्या शास्त्राने जी वाट सव्वाशे वर्षांपूर्वी धरली तिच्यावरून त्याने पाऊल टाकावे इतकेच. आणि त्यासाठी प्रथमच हिमालय गाठण्याचीही आवश्यकता नाही. पंढरपूर, फलटण, लोणंद या मार्गाने महाबळेश्वरकडे निघालेल्या मोटारीच्या वाटेवरच अध्ययनाची स्थळे आहेत.

फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. आपली दख्खनी मेंढी काटक खरी, पण ती बहुधा एका वेळी एकच कोकरू देते, आणि मेंढपाळाचे उत्पन्न अखेर कोकरांच्या संख्येवर ठरते. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे. तिच्यात जुळी-तिळी कोकरे देण्याचा गुण एका विशिष्ट जनुकामुळे येतो. त्या जनुकाचे बीज दख्खनी रक्तात उतरवून निंबकर संस्थेने पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. जुळी झाली तर आईला दूध पुरेल काय, दुष्काळात अशी मेंढी टिकेल काय, आणि भटकंतीच्या वाटेवर दोन कोकरे कोण सांभाळील, हे प्रश्न मेंढपाळ प्रथम विचारतो आणि त्यांची उत्तरे पुस्तकात मिळत नाहीत. तो कळप डोळ्यांनी पाहून, सांभाळणाऱ्यांशी बोलून ती मिळतात. सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या तालुक्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी सहलीतला एक पूर्ण दिवस येथे घालविला तर तो दहा व्याख्यानांच्या तोडीचा होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोणंदहून पुढे नीरेकाठी शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया, क्ष-किरण, गर्भतपासणीसाठी ध्वनिलहरींचे यंत्र, अशा ज्या गोष्टींना साधने लागतात त्यांची प्रात्यक्षिके येथे दोन-तीन सकाळी घेता येतात. तेथून खंबाटकीचा घाट, वाई, पसरणीचा घाट, की पाचगणी आलीच. पाचगणीचे पठार आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा काठ येथे प्रवाशांना पाठीवर घेऊन दिवसभर फिरणारे घोडे आहेत. सोलापूरकडे अकलूजच्या घोडेबाजाराच्या दिवसांखेरीज घोड्यांवर हात चालविण्याची संधी थोडी. आणि घोड्याची पोटदुखी किंवा खुराचे दुखणे ओळखणे हे गुरांच्या वैद्यकाहून निराळे शास्त्र आहे. शिक्षणाचा वर्ग म्हणून महाविद्यालयाने या घोड्यांच्या तपासणीचे शिबिर लावले, तर वैद्यांचा हात बसेल आणि मुक्या जनावरांना मोफत उपचार मिळतील. पलीकडे जावळी आणि कोयनेच्या रानांत गवळी धनगरांच्या म्हशी आहेत. ज्या पशुवैद्याने आयुष्यभर उन्हाने धापा टाकणारी म्हैस पाहिली, त्याने सावलीत आणि गारव्यात वाढणारी म्हैस निरखली म्हणजे उष्म्यामुळे काय बिघडते आणि जातीच्या गुणाने काय घडते, यांतला भेद त्याच्या ध्यानी येतो.

ज्यांना अधिक दिवस आणि अधिक खर्च झेपतो त्यांनी हिमाचलातील पालमपूर पाहावे. तेथे कृषी विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, इज्जतनगरच्या संस्थेचे केंद्र आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर धौलाधारच्या खिंडींकडे चढणारे गद्दी मेंढपाळांचे कळप आहेत. आपला धनगर दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरतो, शेतकऱ्याच्या वावरात मेंढ्या बसवून खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा घेतो आणि पाऊस लागण्याच्या बेताने परततो. गद्दी हिवाळा कांगड्याच्या पायथ्याशी काढून उन्हाळ्यात लाहौलच्या कुरणांकडे जातो. दोघेही गवताच्या मागे चालतात, आणि दोघांच्याही कळपांना वाटेवर दुसऱ्या कळपांचा संसर्ग होतो. अशा हिंडत्या कळपांना लस कोठे गाठून टोचावी, हा पशुसंवर्धन खात्याचा नित्याचा पेच आहे. चढणीच्या वाटेवरच्या ठरलेल्या मुक्कामी, जेथे सारे कळप एकवटतात, तेथे लस द्यावी की सुटे सुटे गाठावेत, याचा विचार सोलापूरचा डॉक्टर आणि कांगड्याचा डॉक्टर यांनी एकत्र बसून केला तर दोघांच्याही पदरात काही पडेल. दक्षिणेकडे ओढा असलेल्यांसाठी उटीजवळ संदीनल्ला येथे तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे मेंढी पैदास केंद्र आहे.

पर्वताची उंची हीही स्वतः एक पाठ आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात उंच कुरणांवर नेलेल्या गुरांच्या छातीखालच्या लोळीला सूज येऊन ती मरतात, हे ग्लोव्हर आणि न्यूसम यांनी १९१५ साली वर्णन केले. विरळ हवेत फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचित होतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर भार पडतो, आणि शेवटी ते हरते. मैदानातून लडाखसारख्या उंच प्रदेशात संकरित गाय धाडताना हा विचार करावा लागतो.

आता व्यवस्थेचा प्रश्न. हे सारे व्यक्तीच्या हौशीवर सोपवून भागणार नाही. औषधांच्या कंपन्यांनी पंचतारांकित विश्रामगृहात डॉक्टरांना बोलवावे, अर्धा तास आपल्या मालाची माहिती सांगावी आणि उरलेले दोन दिवस आदरातिथ्य करावे, या प्रकाराला शिक्षण म्हणणे मला मान्य नाही. ज्याच्या पैशाने आपण डोंगर पाहिला त्याची गोळी लिहिताना मन निःपक्ष राहणे कठीण, आणि त्या गोळीची किंमत अखेर दोन म्हशींवर संसार चालविणारी बाई देते. वर्ग विद्यापीठाने चालवावा, हजेरीचा दाखला पशुवैद्यक परिषदेने द्यावा, अध्ययनाच्या सकाळी शासनाने कर्तव्याच्या मानाव्यात आणि कुटुंबाचा खर्च ज्याचा त्याने सोसावा. इतका काटेकोर हिशेब ठेवला की सहलीला बट्टा लागत नाही. शासकीय नोकराला महाराष्ट्र दर्शनाची प्रवास सवलत आहेच. ती या कामी लावता येईल. दुर्गम गावात नेमणूक असलेल्या तरुण स्त्री अधिकाऱ्यांना तर कुटुंबासह जाण्याची सोय विशेष उपकारक होईल, कारण लहान मूल घरी ठेवून आठ दिवसांच्या प्रशिक्षणास जाणे त्यांना अशक्य होते आणि त्या मागे पडतात, हे खात्यातील वरिष्ठांनी मनावर घेतले पाहिजे.

सायंकाळच्या गप्पांनाही मी अध्ययनाचा भाग मानतो. करमाळ्याच्या डॉक्टरला जे प्रकरण एकट्याने सोडवता आले नाही, ते अक्कलकोटच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी हाताळलेले असते. पण जिल्ह्याच्या मासिक सभेत लसीकरणाच्या आकड्यांखेरीज दुसरे बोलायला सवड नसते. दिवसाचे काम नसलेल्या जागी, फोन वाजण्याची धास्ती नसताना, माणसे आपले अपयशही मोकळेपणाने सांगतात, आणि वैद्यकात दुसऱ्याच्या अपयशापासून जितके शिकता येते तितके यशापासून येत नाही.

राहता राहिला काळाचा मेळ. सबंध मे महिना डोंगरावर घालवावा असे म्हणणे सोलापूरच्या गुरांवर अन्याय होईल. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळांच्या परीक्षा आटोपल्यावर, पहिली तुकडी निघावी. ती परतल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरी. आणि पंधरा मेपर्यंत सर्वांनी आपापल्या तालुक्यात हजर व्हावे, कारण त्यानंतर घटसर्पाची आणि फऱ्याची लस गावोगाव पोहोचलीच पाहिजे, आणि महाबळेश्वरलाही जूनमध्ये पावसाची झड सुरू झाली की घाटात धुक्याखेरीज काही दिसत नाही. चारा छावण्या चालू असतील त्या साली एकाच तालुक्यातले दोघे एकदम सोडू नयेत. जो मागे राहील त्याने शेजारच्या दवाखान्याचा कार्यभार तेवढे दहा दिवस सांभाळावा, आणि पुढच्या साली पहिल्या तुकडीत त्याचे नाव आहे असा लेखी हुकूम त्याच्या हाती आगाऊ द्यावा.